जिन्यातली सभा

१

त्या इमारतीतल्या सोसायटीची सभा जिन्यात भरायची.

पूर्वी ती कोणाच्या ना कोणाच्या दिवाणखान्यात भरे. मग एका सभेत एका सोफ्यावर चहा सांडला. तो कोणी सांडला, यावर पुढच्या कितीतरी सभा गाजल्या आणि त्यानंतर आपलं घर द्यायला कोणीच तयार होईना. शेवटी असा तोडगा निघाला की चेअरमन आणि सेक्रेटरी यांनी तळमजल्यावर खुर्च्या टाकून बसायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या मजल्याच्या पायऱ्यांवर. कोणाच्या घरात कोणाचे पाय लागायला नकोत आणि चहाही नको.

इमारत जुन्या पद्धतीची. मधे चांगली ऐसपैस मोकळी जागा आणि तिच्याभोवती फिरत फिरत वर गेलेला जिना. खाली उभं राहून मान वर केली की थेट छत दिसे, आणि चारी बाजूंना कठडेच कठडे. माणसं मात्र दिसत नसत. मत द्यायची वेळ आली की कठड्यांवरून हात तेवढे बाहेर येत, आणि सेक्रेटरीने ते मोजायचे. बोलणं चौथ्या मजल्यापर्यंत धड पोचत नसे, म्हणून प्रत्येक मजल्याने खालचं वर आणि वरचं खाली सांगायचं. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटला असता. इथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नवी सेक्रेटरी शाळेत खेळ शिकवायची. पोरांना कवायत शिकवून शिकवून तिचा आवाज खणखणीत झाला होता आणि गळ्यात कायम शिट्टी असे. इमारतीत सगळे तिला शिट्टीबाईच म्हणत. हे पद म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या, ते कोणालाच नको होतं. तिने मात्र ते हात पुढे करून मागून घेतलं, कारण चौथ्या मजल्यावर तिची आई होती.

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून, धापा टाकत, एकमेकांवर खेकसत वर आणून ठेवली. त्यानंतर ती खाली उतरलीच नव्हती. "मला काही देवाधर्माला जायचं नाही गं," ती म्हणायची. "फाटकाशी उभं राहून त्या भाजीवाल्याशी एकदा मनसोक्त भांडायचंय. तू आणतेस ती वांगी बघवत नाहीत मला."

त्या मधल्या मोकळ्या जागेत लिफ्ट अगदी मापात बसली असती. शिट्टीबाईने ठरवून टाकलं होतं, आईला खाली आणायचंच.

२

पहिल्या सभेत तिने मुद्दाम हलका विषय घेतला. जिन्यातली चपलांची कपाटं काढायची.

कसला हलका! अर्धी इमारत पेटून उठली. "आमच्या दारासमोरची जागा आमची!" असं पहिला मजला ओरडला, दुसऱ्याने ते वर पोचवताना त्यात स्वतःची भर घातली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली निरोप धाडला की कपाट निघालं तर त्या स्वतःच तिथे बसतील. चेअरमन होते वकीलसाहेब. ते वकील नव्हते, कोर्टात कारकून होते, पण नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं आणि शिट्टीबाईच्या प्रत्येक ठरावात खोडा घालणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. शिवाय ते तळमजल्यावर राहत. त्यांना लिफ्टचं काय कौतुक?

मतं पडली. बाजूचे हात आणि विरोधातले हात सारखेच भरले. वकीलसाहेबांनी समाधानाने घसा खाकरला. तेवढ्यात शिट्टीबाईची नजर वर गेली.

चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून एक हात बाहेर आला होता. पांढुरकी बाही, मनगटाशी बटण लावलेलं, आणि सरळ ताठ पंजा. तिच्याच मजल्यावर!

"मंजूर!" ती ओरडली आणि आनंदाच्या भरात शिट्टीच फुंकली.

चौथ्या मजल्यावर दोनच घरं. एक तिचं, एक समोरच्यांचं. समोरचा फ्लॅट कधीपासूनचा बंद. म्हणजे शेवटी आले म्हणायचे! आभार मानावेत, आईच्या हातचा नाही तर आपल्या हातचा चहा पाजावा, म्हणून ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. समोरच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ होती.

तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. सभेच्या वेळी आईची खाट दारासमोर ओढून ठेवायची पद्धत होती, म्हणजे तिलाही चार शब्द ऐकायला मिळत.

"आई, समोरचे आले होते का गं?"

"होतं कोणीतरी कठड्याशी. मी म्हटलं आत या, बसा. काही बोलले नाहीत."

शिट्टीबाईने विचार केला. आले असतील, मत देऊन गेले असतील. पण जिना एकच, आणि त्याच्या पायथ्याशी तर ती स्वतःच उभी होती. गच्चीवरून म्हणावं, तर गच्चीची किल्ली तिच्या पर्समध्ये. मग तिने स्वतःलाच दटावलं. कपाटं निघणार होती! माणसाने जिंकल्या दिवशी असल्या शंका काढू नयेत.

३

त्यानंतर तिचं घोडं कुठे अडेचना.

टाकीची साफसफाई झाली, जिन्यातले दिवे आले, फाटकाला रंग लागला. प्रत्येक वेळी मतांची ओढाताण व्हायची आणि प्रत्येक वेळी चौथ्या मजल्यावरचा तो हात तिच्या बाजूने पडायचा. ती ठराव वाचून संपवायच्या आत तो वर झालेला असे. बाकीचे लोक हात अर्धवट उचलून लगेच खाली घेत, कोणी त्याच हाताने डोकं खाजवत. हा हात जागचा हलत नसे. ती "हात खाली" म्हणेपर्यंत तो तसाच ताठ. प्रत्येक वर्गात असं एखादं गुणी पोर असतं, तिला ओळखीचं होतं ते, आणि खरं सांगायचं तर तिला त्या हाताचा लळाच लागला होता. आपल्या पाठीशी कोणीतरी आहे, या जाणिवेने तिच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

मात्र एक गोष्ट होती. पहिल्या सभेत कठड्यावरून फक्त पंजा आणि मनगट दिसलं होतं. दिव्यांच्या सभेत बाही बरीच बाहेर आली. फाटकाच्या सभेत ती आणखी खाली उतरली, पार तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणापर्यंत. वाकत असेल माणूस. पण इतकी बाही बाहेर आल्यावर मधे कुठेतरी कोपर दिसायला हवं, आणि ते काही दिसत नव्हतं.

तिने दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि इमारतीत तिचा खरा मित्र म्हणावा असा तो एकटाच. "तुम्हाला वर कोण दिसतं हो सभेत?"

"हात दिसतो की," तो म्हणाला. "तुमच्या आईंचा ना? काय उत्साह आहे या वयात! आम्ही सगळे कौतुक करतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही तसंच वाटत होतं. म्हणजे सगळ्यांनाच.

"काकू, आई खाटेवरून उठू शकत नाही."

काकू हसल्या. "अहो, माणसाने मनात आणलं तर काय होत नाही!"

४

लिफ्टच्या सभेला एकही सभासद घरात राहिला नाही. पायऱ्यांवर जागा पुरेना. पोरं कठड्यांना लटकली होती, बायका खालून वर एकमेकींना हाका मारत होत्या, आणि शिट्टीबाईचं हृदय मैदानात शर्यत सुरू व्हायच्या आधी धडधडतं तसं धडधडत होतं.

ती बोलली, आणि छान बोलली. आज माझी आई, उद्या तुमचे गुडघे, असं तिने सगळ्यांना सांगितलं. मग हात वर आले. तिची नजर मोजत मोजत वर गेली. एका मताने ठराव जिंकला होता.

ती ओरडणार, इतक्यात वकीलसाहेबांनी पुस्तकावर थाप मारली. "थांबा. एक फ्लॅट, एक मत. तुम्ही इथे खाली हात वर केलात. मग वर तुमच्या आईंचा हात कसा?"

ते मत गेलं की बरोबरी, बरोबरी झाली की चेअरमनचं जादा मत, आणि ते कुठे पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

शिट्टीबाईला कुलपावरची धूळ आठवली. आणि खाटेवरून खिडकीबाहेर बघणारी आईही आठवली.

"तो आईचा हात नाही," ती म्हणाली. "समोरच्या फ्लॅटचे आहेत ते."

"नक्की?"

"माझ्या मजल्यावर कोण आहे हे मला माहीत नसणार तर कोणाला? सेक्रेटरी म्हणून सांगते. सभासद आहेत. हजर आहेत."

"सभासद आहेत, हजर आहेत," पहिल्या मजल्याने वर कळवलं. दुसऱ्याने, तिसऱ्याने. ते शब्द वर पोचले, आणि शिट्टीबाईचा हात ज्या कठड्यावर टेकला होता तो कठडा थरथरला. वरून खालपर्यंत आख्ख्या कठड्यातून काहीतरी सरसरत आलं आणि तिच्या तळहाताखाली थांबलं. आनंदाने कोणी पाठीवर थाप मारावी तसं वाटलं तिला.

"मंजूर," वकीलसाहेब नाइलाजाने म्हणाले. जिन्यात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला, आणि चष्मेवाल्याने तर नाचायलाच सुरुवात केली.

५

"आई, मंजूर झाली!"

"कळलं की. तुझ्या आधी त्यानेच येऊन सांगितलं."

"कोणी?"

"तुझा तो सभासद गं." आईचे गाल लाल झाले होते. इतकी टवटवीत ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. "आता बोलतो माझ्याशी. आधी नुसता कठड्याशी असायचा. आज म्हणाला, आता मी हजर आहे, आता बोलायला हरकत नाही."

शिट्टीबाई खाटेच्या कडेवर बसली. "दिसतो कसा?"

"दिसतो कुठे? दारातून हात तेवढा आत येतो. पाण्याचा पेला लांब होता, तो दिला त्याने मला. चांगला आहे हो. म्हणतो, लिफ्ट बसायला किती दिवस जातील, तोवर कशाला थांबता, मी नेतो खाली. मी म्हटलं, ने की मग! तर म्हणाला, सभेत ठराव झाल्याशिवाय नाही. नियमाचा पक्का आहे."

दारापासून पेला ठेवलेल्या टेबलापर्यंत अख्खी खोली होती. शिट्टीबाईने ते अंतर नजरेने मोजलं, परत मोजलं. आईला भास होत असतील. दिवसभर एकटी असते, औषधं चालू आहेत. असंच असणार. पण पेला आईच्या उशाशी होता, आणि सकाळी तो तिने स्वतः टेबलावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी जुन्या सेक्रेटरीकडून नंबर मिळवून तिने समोरच्या मालकांना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला.

"बाबा जाऊन बरीच वर्षं झाली हो. किल्ली माझ्याकडेच आहे. आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकलेलं नाही. का, काही गळतंय का?"

"नाही नाही," शिट्टीबाई म्हणाली. "सहज."

तिने चष्मेवाल्याला गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "सांगून टाका सभेत," तो म्हणाला.

"सांगितलं की तो सभासद नाही, म्हणजे ठराव गेला. मी खोटं बोलले म्हणून मीही गेले. आईने मग वरच मरायचं का?"

"मग पुढच्या सभेत इतिवृत्त तेवढं कायम होऊ द्या. एकदा ते झालं की लिफ्टवाले काम सुरू करतील. त्या... त्यांचं नंतर बघू."

तिलाही तेच हवं होतं. एकच सभा काय ती काढायची होती.

६

पुढच्या सभेच्या सकाळी तिने आईची खाट आतल्या खोलीत ढकलली. आई रुसली. शिट्टीबाईने ऐकलं नाही. तिने खिडक्या लावल्या, दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरून ती खाली आली. कठड्याला हात न लावता आली.

ऊन छतावरच्या काचेतून सरळ तळापर्यंत पडलं होतं. लिफ्टवाल्यांनी आधीच येऊन फरशीवर खडूने चौकोन आखला होता, आणि त्या चौकोनाभोवती मुलांचा धिंगाणा चालला होता. सगळ्यांचे चेहरे फुललेले. वकीलसाहेबसुद्धा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ठराव मंजूर होईपर्यंत भांडायचं आणि मंजूर झाला की तो पाळायचा, हा त्यांचा खाक्या होता.

"मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे," शिट्टीबाईने वाचलं. हात वर झाले, वरपासून खालपर्यंत सगळे. चौथ्या मजल्याकडे तिने पाहिलंच नाही.

"कायम!" वकीलसाहेब म्हणाले.

झालं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. लिफ्ट येणार होती, आता ती कोणी अडवू शकत नव्हतं. ती खुर्ची मिटायला वाकली.

"आयत्या वेळचे विषय," वकीलसाहेब म्हणाले. "चेअरमनच्या परवानगीने."

हे वाक्य प्रत्येक सभेत म्हटलं जाई, आणि तोवर सगळे उठून गेलेले असत. आज कोणी उठलं नाही. सगळे वर बघत होते.

"समोरच्यांनी हात वर केलाय," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"बोला ना! पहिल्यांदाच बोलताय. परवानगी आहे!" वकीलसाहेब खुशीत होते.

वर काहीतरी पुटपुटलं. इथे खाली शब्द कळत नव्हते, पण तिसऱ्या मजल्यावर काकूंनी ऐकलं आणि आनंदाने निरोप खाली दिला. "ते म्हणतात, शिट्टीबाईंच्या आईंना लिफ्ट होईपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. आजच खाली आणतो म्हणतात. आत्ता. सभेची परवानगी हवी."

"अरे वा!" सगळा जिना एका सुरात म्हणाला. "माणूस असावा तर असा!"

"नको," शिट्टीबाई म्हणाली.

"नको काय? तुमच्याचसाठी तर..."

"त्यांना... ते..." ती थांबली. तो सभासदच नाही, एवढे तीन शब्द. ते बोलले की खडूचा चौकोन पुसला जाणार. ती शब्द शोधत राहिली, आणि नियमानेच तिला आधार दिला. "अनुमोदक कुठे आहे? सूचना त्यांची. दुसऱ्या कोणी अनुमोदन दिल्याशिवाय मताला टाकता येत नाही."

"बरोबर," वकीलसाहेब म्हणाले. "कोणाचं अनुमोदन?"

चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून दुसरा हात बाहेर आला.

सुकलेला, बारीक, शिरा उठलेला. तिने रोज धुतलेला, पुसलेला, तेल लावून चोळलेला. तिने मूठ उघडून पाहिलं. किल्ली तिच्या तळहातावर होती.

७

"बाजूने?" वकीलसाहेबांनी विचारलं, आणि हातांचं जंगल उगवलं. पोरांनी तर दोन दोन हात वर केले.

"विरोधात?"

शिट्टीबाईने हात वर केला. तिचा एकटीचा.

"बहुमताने मंजूर!"

ती जिन्याकडे धावली. पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, कोणी जागा देईना. "अहो बाई, वर कुठे निघालात? त्याच खाली येताहेत!" कोणीतरी तिला खांद्याला धरून मागे वळवलं. मग तिने वर पाहिलं.

आईचे पाय कठड्याच्या या बाजूला होते. मोकळ्या जागेच्या बाजूला.

ती पडत नव्हती, सावकाश खाली उतरत होती. वर धरलेला तिचा हात त्या दुसऱ्या हातात होता आणि त्यामागे पांढुरकी बाही लांबत होती, तिसऱ्या मजल्यावरून, दुसऱ्यावरून, सरळ आणि न वाकता. कठड्यांवरून लोक आईच्या पायांना हात लावत होते, टाळ्या वाजवत होते. काकू रडत होत्या. "आल्या! आईसाहेब आल्या!" चष्मेवाला ओरडत होता, सगळं माहीत असलेला चष्मेवाला. आणि शिट्टीबाईला, देवाशपथ, त्या क्षणी आनंदच झाला. आईचे अनवाणी पाय खडूच्या चौकोनात टेकले. ती स्वतःच्या पायांवर उभी होती, हसत होती.

"अगं, फरशी किती गार आहे!" आई म्हणाली.

शिट्टीबाईने तिला मिठी मारली. मग तिने आईचा वरचा हात सोडवायला घेतला. ती बोटं आईच्या मनगटाभोवती होती, नखं नीट कापलेली, बाहीचं बटण लावलेलं. एकेक बोट ती उचलू लागली. ती उचलली जाईनात.

"सोडा आता," ती म्हणाली. "झालं ना. आली ती खाली. ठराव एवढाच होता."

"असं काय करतेस?" आई म्हणाली. "मला खाली सोडलं, आता त्याला नको का यायला? मी त्याला केव्हाच हो म्हटलंय."

मनगटाभोवतीची पकड घट्ट झाली. हात आधारासाठी धरतात, तशी. वर कुठेतरी, फार वर, कठडा करकरला. मोठं वजन त्याच्यावरून या बाजूला येत होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या टाळ्या थांबल्या. काकूंचं रडणं मधेच तुटलं. थोड्या वेळाने दुसरा मजला गप्प झाला. मग पहिल्या मजल्यावर एक मूल हसता हसता थांबलं. वकीलसाहेब मान वर करून बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि नियमांचं पुस्तक त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडलं तरी त्यांना कळलं नाही.

शिट्टीबाईने वर पाहिलं नाही. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आईने मान वर केली होती आणि तिच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं, दूरच्या प्रवासाहून येणारं घरचं माणूस दिसावं तसं.

"सावकाश ये रे बाबा," आई मायेने म्हणाली. "घाई नाही. मी धरलंय तुला."